स्टॉक शिल्लक : १

शॉपिफायच्या सगळ्या इतिहासात मला एकच गोष्ट मनापासून आवडते. हे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आधी दुकानदार होता. बाकी मग आयपीओ, शेअरचा भाव वगैरे येतंच, ते तुम्ही कुठेही वाचाल.

टोबी ल्युटके हा जर्मनीतल्या कोब्लेन्झचा पोरगा. दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून, उमेदवारी करून प्रोग्रामर झालेला. (आपल्याकडे हे कुणी केलं असतं तर दोन मामा आणि एक आत्या घरी येऊन बसले असते.) पुढे मैत्रिणीपायी कॅनडात गेला. तिथे नोकरी करायचं परमिट हातात नव्हतं, पण स्वतःचा धंदा काढायला कुणाची ना नव्हती. स्नोबोर्डचं वेड होतंच. मग २००४ मध्ये स्कॉट लेक या मित्राबरोबर ओटावात स्नोबोर्ड विकायचं ऑनलाइन दुकान काढलं, 'स्नोडेव्हिल' नावाचं. त्यासाठी तयार मिळणारी सॉफ्टवेअरं वापरून बघितली आणि भाऊचं डोकं फिरलं. नेमकं त्याच वर्षी जुलैमध्ये डेव्हिड हाइनमायर हान्सनने रूबी ऑन रेल्स सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. टोबीने ते उचललं आणि दुकानाचा सगळा कोड स्वतःच लिहून काढला. इतका रमला की रेल्सच्या कोअर टीममध्येही गेला.

आता स्नोबोर्ड ही काही बारमाही विकायची वस्तू नव्हे. बर्फ वितळलं की गिऱ्हाईक गायब. पण दुकान बघून "हे सॉफ्टवेअर आम्हालाही द्याल का?" असं विचारणारे लोक यायला लागले होते. २००६ मध्ये त्याचं शॉपिफाय झालं, आणि स्नोबोर्ड राहिले बाजूला. आपल्यापैकी ज्यांनी कधी जेकिलवर स्वतःची साइट बनवली असेल, त्यांनी लिक्विड ही टेम्प्लेटची भाषा वापरलेली आहे. ती शॉपिफायमधूनच बाहेर आली. म्हणजे स्नोबोर्डच्या दुकानाचं थोडंसं पीठ आपल्याही पोळीत आहे.

याच्या बरोबर उलटी गोष्ट वायावेबची. १९९५ साली पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस या दोघांनी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आधी चित्रांच्या गॅलऱ्या इंटरनेटवर आणायचा उद्योग केला. गॅलरीवाल्यांना त्यात काडीचा रस नव्हता. मग लक्षात आलं, की आपण लिहिलेला हाच कोड दुकानांना चालेल. यांनी आयुष्यात कधी काउंटरमागे उभं राहून काही विकलेलं नव्हतं! पण एक गोष्ट त्यांनी फार आधी ओळखली. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही, सगळं आपल्या सर्व्हरवर चालेल आणि तो ब्राउझरमधून आपलं दुकान मांडेल. आज हे ऐकून जांभई येते, पण १९९५ साली ही भन्नाट कल्पना होती. भाडं छोट्या दुकानाला महिना शंभर डॉलर, मोठ्याला तीनशे. आणि दुकानदारांना ते मांडायला जमेना, तेव्हा सुरुवातीची बरीच दुकानं या लोकांनी स्वतःच मांडून दिली. त्यामुळे गिऱ्हाइकाला नक्की काय हवं असतं ते बसल्या जागी कळलं. १९९८ मध्ये याहूने वायावेब विकत घेतलं, एकोणपन्नास मिलियन डॉलरचे शेअर देऊन, आणि त्याचं याहू स्टोअर झालं. कोड लिस्पमध्ये होता, हे इथल्या काही वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे :-)

असो. हे सगळं आठवायचं कारण असं, की मी पण याच धंद्यात आहे. पुण्यातल्या एका कंपनीत, छोट्या दुकानदारांसाठी ऑनलाइन विक्री सांभाळायचं सॉफ्टवेअर लिहितो. नाव सांगत नाही, सांगून कुणाला कळणारही नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं "तू नक्की करतोस काय?" तर मी सांगतो, "दुकानाची वही लिहितो". समोरचा हसतो, पण हे शंभर टक्के खरं आहे.

वहीत काय काय असतं? माल किती आहे, ऑर्डर कुठून आली, पैसे आले का, पार्सल गेलं का, परत आलं का, सरकारला किती द्यायचे. इतकंच. पण यातला पहिलाच प्रश्न, माल किती आहे, हा इतका छळतो की बाकीच्यांकडे वळायला आम्हाला काही वर्षं लागली.

माझे एक चुलत काका सोलापूरला चादरी आणि टॉवेल विकतात. भौगोलिक मानांकन मिळालेली ती खरी सोलापुरी चादर. जेकार्ड मागावर विणलेली, धुऊन धुऊन मऊ होणारी, आपल्या सगळ्यांच्या घरात एक तरी असलेली. दुकान जुनं, गिऱ्हाईक ठरलेलं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, हिंजवडीतली चांगली चालू नोकरी सोडली आणि तो सोलापूरला परत गेला. चादरी ऑनलाइन विकायच्या म्हणून. साठवलेले पैसे मालात आणि फोटोंत घातले. काकू अजून माझ्या आईला फोनवर विचारतात, "त्याला परत घेतील का गं तिकडे?"

तर या भावाने दुकानाची स्वतःची साइट काढली आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवरही माल लावला. शिवाय काउंटर आहेच. म्हणजे दुकानं झाली तीन, आणि कपाट एक.

आता समजा, मोराच्या नक्षीची डबल चादर, निळी, शिल्लक एक. सकाळी अकरा वाजता मार्केटप्लेसवर नागपूरच्या कुणी ती घेतली. अकरा वाजून एक मिनिटाने साइटवर ठाण्याच्या कुणी तीच घेतली. कॉलेजात आपण 'रेस कंडिशन' म्हणून जे शिकलो, ते हेच. आधी आकडा वाचायचा, मग त्यातून एक वजा करून परत लिहायचा, असा कोड असेल तर दोघांनाही "१ शिल्लक" दिसतो आणि दोघांचेही पैसे घेतले जातात. यावर उपाय सोपा आहे. वाचणं आणि लिहिणं वेगळं ठेवायचंच नाही, डेटाबेसला एकाच वाक्यात सांगायचं, की शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर. किती ओळी बदलल्या ते बघ. शून्य आलं तर माल संपला. इंटरव्ह्यूत विचारायला छान प्रश्न आहे.

पण हा उपाय डेटाबेस एक असेल तेव्हा. मार्केटप्लेसचा डेटाबेस त्यांचा, आपल्या साइटचा आपला. आम्ही मधे बसून ठरावीक वेळाने यांना विचारतो, त्यांना सांगतो. मधली काही मिनिटं दोघांचे आकडे वेगळे असतात. त्या फटीत सणाच्या सेलमध्ये काय काय शिरतं ते मी पाहिलंय! म्हणून मग 'बफर' ठेवतात. खरे पाच असतील तर मार्केटप्लेसला तीनच दाखवायचे. यात दोन चादरी कपाटात बसून राहतात, पण ऑर्डर रद्द केल्याचा ठपका टळतो. मार्केटप्लेसवर विक्रेत्याने ऑर्डर रद्द करणं हे वाईट, रेटिंग पडतं, माल खालच्या पानांवर ढकलला जातो. छोट्या माणसाला दोन पडून राहिलेल्या चादरींपेक्षा ते महाग पडतं. किती बफर ठेवायचा, याचं कोणतंही सूत्र नाही. मोर-निळी चादर रोज जाते, तिला वेगळा. लाल चौकड्याची महिन्याला एक जाते, तिला शून्य ठेवलं तरी चालतं.

आणि तिसरं दुकान, काउंटर! आमच्या भाषेत काउंटर हाही एक नोड आहे. फरक इतकाच की या नोडचं नाव काका आहे. काका दिवसभर विकतात आणि रात्री दुकान बंद करताना वहीत लिहितात. म्हणजे हा नोड चोवीस तासांतून एकदा, साडेनऊला सिंक होतो. मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही विकली की लगेच मोबाईलवर एक बटण दाबायचं, बास". त्यावर ते म्हणाले, "अरे, समोर गिऱ्हाईक पाच चादरी उलगडून बसलंय, मी चादरीची घडी घालू का तुझं बटण दाबू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काउंटरवर यूपीआयचा बोलका डबा आहे. तो प्रत्येक विक्रीला मोठ्याने ओरडतो, इतके रुपये आले. मला आधी वाटलं, अरे वा, ही तर विक्रीची आयती नोंद! पण डब्याला रुपये कळतात, चादर कळत नाही. आठशे रुपये आले म्हणजे मोर गेला की कमळ गेलं? दोन्ही आठशेच. बारकोड लावा, स्कॅनर आणा, हे सगळं आहेच. पण चादरी कारखान्यातून गठ्ठ्याने येतात, त्यांवर बारकोड चिकटवायचा कुणी? काकूंनी. रात्री. सॉफ्टवेअरमुळे वाचलेला वेळ बघताना ही काकूंची रात्र कोणत्याही तक्त्यात कुणी धरत नाही, आमच्या मार्केटिंगवाल्यांच्या तर नाहीच नाही.

माल किती आहे हे कळलं की पुढचा राक्षस कुरिअर.

चादर हलकी वाटते, पण कुरिअरवाला ती तोलत नाही, मोजतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार. हे आकारावरून काढलेलं वजन आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे. दोन डबल चादरींचं पार्सल चाळीस बाय तीस बाय पंधरा झालं तर हिशेब होतो ३.६ किलोचा, काट्यावर ते तीनच्या आत असलं तरी. भावाने काय केलं, तर चादरी व्हॅक्यूमच्या पिशवीत घालून चपट्या केल्या. उंची पंधरावरून नऊवर आली, आकाराचं वजन २.१६ किलो झालं, आणि आता खऱ्या वजनावर पैसे लागतात. हे त्याने स्वतः शोधून काढलं, आमच्या सॉफ्टवेअरने नाही. आता मी ऑफिसात सगळ्यांना अभिमानाने सांगत असतो.

मग कॅश ऑन डिलिव्हरी. हा आपल्याकडचा खास प्रकार, आणि परदेशी सॉफ्टवेअर इथे आणून लावणाऱ्यांची दांडी बऱ्याचदा इथेच उडते. जिथे गिऱ्हाईक आधी कार्डाने पैसे भरतं तिथे ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली. आपल्याकडे ऑर्डर आली म्हणजे ऑर्डर आली, बाकी काही नाही. पार्सल दारात गेल्यावर "आता नको", "मी मागवलंच नाही", "घरी कुणी नाही", नाहीतर फोनच उचलत नाही. साधा हिशेब करा. समजा कुरिअर धरून एका चादरीमागे १२० रुपये सुटतात. परत आलेल्या पार्सलचं जायचं भाडं ९० आणि यायचं ८०, म्हणजे १७० खिशातून. दहा ऑर्डरींपैकी सात पोचल्या तर ८४० मिळाले, तीन परत आल्या तर ५१० गेले. हातात उरले ३३०. म्हणजे दर ऑर्डरमागे १२० नाही, ३३ रुपये. आणि परत आलेली चादर चुरगळलेली, पिशवी फाटलेली, ती पुन्हा घडी घालून विकायची. स्टॉकच्या आकड्यात ती 'शिल्लक' धरायची की नाही, हा अजून एक वेगळाच वाद आहे. आमच्याकडे त्यावर आठवडाभर मीटिंगा झाल्यात, खरंच.

हे सगळं ओळखूनच बहुतेक, २०१२ मध्ये दिल्लीत निघालेल्या कार्टरॉकेट नावाच्या कंपनीची गाडी दुसऱ्या रुळावर गेली. सुरुवात होती छोट्या धंदेवाल्यांना ऑनलाइन दुकान बनवून देण्याची, म्हणजे शॉपिफायसारखंच. पुढे त्यातून आलं शिपरॉकेट, वेगवेगळ्या कुरिअर कंपन्यांचे दर एकत्र दाखवून पार्सल पाठवून देणारं. आणि मोठं झालं ते हेच. मला यात फार शहाणपण दिसतं. दुकान मांडणं हा दुकानदाराचा एका आठवड्याचा प्रश्न आहे, पार्सल पोचवणं हा रोजचा.

गंमत म्हणजे खुद्द शॉपिफायने याच्या उलटं करून पाहिलं. २०१९ मध्ये स्वतःचं गोदाम आणि पार्सलांचं जाळं उभारायची घोषणा केली, २०२२ मध्ये डेलिव्हर नावाची कंपनी २.१ अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२३ च्या मे महिन्यात तो सगळा कारभार फ्लेक्सपोर्टला देऊन हात झटकले. त्याच दिवशी वीस टक्के लोक कमी केले. सॉफ्टवेअरवाल्याने ट्रकच्या नादी लागावं की नाही, यावर आमच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा दोन तट पडले होते. मी ट्रकच्या विरुद्ध बाजूला होतो, अजूनही आहे.

कराचं थोडक्यात सांगतो, कारण वीकेंड आहे. मार्केटप्लेसवरून विकलं की ते आपले पैसे देताना त्यातून जीएसटीचा टीसीएस कापतात. आधी एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा. आयकराचा टीडीएस वेगळा, तोही एक टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१. (वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला पॅन किंवा आधार दिला की त्यातून सूट आहे.) शिवाय कमिशन, शिपिंग, जाहिरात, परत आलेल्या मालाची वजावट. बँकेत येतो एकच आकडा, तोही काही दिवसांनी, पन्नास ऑर्डरींचा मिळून. तो आकडा फोडून कुठल्या ऑर्डरचे किती आले हे जुळवणं, याला आम्ही रिकन्सिलिएशन म्हणतो. काका म्हणतात "खतावणी". माझ्या मते आमच्या सॉफ्टवेअरचं सगळ्यात उपयोगी काम हे आहे, आणि जाहिरातीत ते सगळ्यात शेवटी येतं, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

कराचे दर कोडमध्ये कसे ठेवायचे हाही एक फंडा आहे. नवीन पोरं प्रत्येक वस्तूसमोर दर लिहून ठेवतात. चादरीचा दर मात्र किमतीवर ठरतो. हजार रुपयांपर्यंत पाच टक्के आणि वर बारा, असं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली आणि त्यावर अठरा टक्के. म्हणजे जुन्या नियमात अकराशेची चादर दिवाळीला सूट देऊन नऊशे नव्वदला काढली की दरच बदलायचा. नियमाला तारीख हवी, किमतीचा टप्पा हवा, आणि जुनी चादर परत आली तर जुनाच दर लागायला हवा. त्या सप्टेंबरात आमच्या टीमने रात्री जागून काढल्या. दरवर्षी गणपती उठले की मला जरा हायसं वाटतं, त्या वर्षी नाही वाटलं.

आता मुद्द्याचं. भावाने मला विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर घेऊ का?" घरचाच माणूस, मी सवलतही मिळवून दिली असती. मी दोन दिवस मागितले आणि त्याचे तीन महिन्यांचे आकडे मागवले. दिवसाला सरासरी आठ-नऊ ऑर्डरी, त्यातल्या सहा मार्केटप्लेसच्या. डिझाईन एकूण चाळीस. आमचं सगळ्यात स्वस्त पॅकेज घेतलं असतं तरी त्याच्या महिन्याच्या सुटलेल्या पैशांतला डोळ्यात भरण्याइतका हिस्सा गेला असता. मी त्याला सांगितलं, घेऊ नकोस. अजून नाही.

त्याऐवजी तीन कामं सांगितली. प्रत्येक डिझाईनला एक छोटा कोड दे, काकांना तोंडपाठ होईल असा. 'मो-नि-ड' म्हणजे मोर निळी डबल. दर सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी चाळीसच्या चाळीस डिझाईन हाताने मोज, अर्धा तास लागतो. आणि साइटवरून घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, काय घेतलं, हे स्वतःच्या फाइलमध्ये ठेव, कुणाच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नकोस. मार्केटप्लेसवरचं गिऱ्हाईक मार्केटप्लेसचं असतं. उद्या त्यांनी शेजारच्या दुकानदाराची चादर वर दाखवली की ते तिकडे जातं, आणि त्याचा फोन नंबर आपल्याकडे नसतो. साइटवरचे दिवसाला दोन-तीन येतात ते आपले.

रोज संध्याकाळी आकडे सारखे करण्यात तासाहून जास्त जायला लागला की त्या दिवशी सॉफ्टवेअर घे, आमचं नाहीतर कुणाचंही, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "कुणाचंही म्हणजे? फरक काय बघायचा?" मी म्हटलं, फीचर सगळ्यांची सारखीच असतात. तू आत जाताना बाहेरचा दरवाजा कुठे आहे ते बघ.

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. ईबेकडे मॅजेन्टो गो आणि प्रोस्टोअर्स अशी छोट्या दुकानांसाठीची दोन सॉफ्टवेअरं होती. २०१४ च्या जुलैत त्यांनी जाहीर केलं आणि १ फेब्रुवारी २०१५ ला दोन्ही बंद. अॅमेझॉनचं वेबस्टोअर असंच होतं, २०१५ मध्ये त्यांनी ते गुंडाळायचं ठरवलं आणि दुकानदारांना शॉपिफायकडे जा म्हणून सांगितलं. ही काही गल्लीतली नावं नव्हेत. इतक्या मोठ्यांनी दुकान आवरलं, तर आमच्यासारख्या दीडशे माणसांच्या कंपनीची काय कथा! त्या दुकानदारांना निदान काही महिने मिळाले. पण त्या महिन्यांत चार-पाच वर्षांच्या ऑर्डरी, गिऱ्हाईकं, फोटो, वर्णनं, पानांचे पत्ते, सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे भर दिवाळीत घर बदलण्यासारखं.

आणि इथे माझंच ऑफिस आडवं येतं. आमच्या सॉफ्टवेअरमधून मालाची यादी फाइलमध्ये काढता येते, ऑर्डरीही येतात, पण एका वेळी नव्वद दिवसांच्याच. परत आलेल्या मालाची कारणं येत नाहीत. जुळवलेली खतावणी येत नाही, पडद्यावर फक्त दिसते. सगळं एका झटक्यात बाहेर काढायचं बटण असावं म्हणून मी तिकीट टाकलं त्याला वर्ष झालं. आमचा प्रॉडक्ट मॅनेजर माणूस चांगला आहे, जेवायला रोज एकत्र बसतो, पण त्याचा प्रश्न ठरलेला. "हे वापरणार कोण? जे सोडून चाललेत तेच ना?" हो, तेच. त्याच्या जागी त्याचंही बरोबर आहे, त्याला दर तिमाहीला किती लोक सोडून गेले याचा आकडा वर द्यावा लागतो. आम्ही काही दार बंद केलेलं नाही, फक्त कडी जरा वर लावली आहे.

मी हिशेब केला, काम तीन आठवड्यांचं आहे. खतावणीचा भाग अवघड, कारण जुन्या ऑर्डरींचा कराचा नियम तारखेसकट बाहेर द्यायला हवा, नाहीतर पलीकडचं सॉफ्टवेअर नव्या दराने जुना हिशेब मांडेल. बाकीचं नुसतं हमालीचं काम. एका शनिवारी बसून मी परताव्याच्या कारणांचा भाग लिहूनही टाकला, तो माझ्या ब्रांचमध्ये पडून आहे. दर दोन आठवड्यांनी प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये मी ते तिकीट वर ओढतो, मीटिंग संपेपर्यंत ते खाली गेलेलं असतं.

मागच्या आठवड्यात भावाने एक फाइल पाठवली. त्याच्या गिऱ्हाइकांची यादी, चारशे अकरा नावं, त्याने स्वतः बनवलेले सात रकाने. त्यातला एक रकाना आहे 'कुणासाठी घेतली'. रुखवतासाठी, हॉस्टेलला जाणाऱ्या मुलासाठी, आजोबांसाठी. हा रकाना आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. ठाण्याच्या एका बाईंनी वर्षात चार वेळा घेतली आहे, दर वेळी वेगळ्या भाचीच्या लग्नाला. भाऊ आता पाचव्या भाचीची चौकशी करणार आहे.

सोमवारी पुन्हा प्लॅनिंग आहे. या वेळी तिकिटाला ती सात रकान्यांची रिकामी फाइल जोडून ठेवली आहे, नावं काढून. आणि ब्रांच रिबेस करायची राहिली आहे, ती आज रात्री करतो.